बातालिया आणि कोंचितातो : रणाचा आवाज वेगळा, रागाचा आवेग वेगळा

बरोक काळातील (साधारण सतराव्या-अठराव्या शतकातील युरोपीय) एखाद्या रचनेत व्हायोलिनचा गज एकाच स्वरावर झपाट्याने फिरू लागला की ‘ही लढाई’ असे ठोकून देण्याची खोड आपल्याकडील परिचयपर लेखनात रुळली आहे. तिच्यापायी ‘बातालिया’ हा लढाईचे चित्र उभे करणारा रचनाप्रकार आणि इटालियन संगीतकार क्लाउदिओ मोंतेवेर्दीची ‘कोंचितातो’, म्हणजे ‘क्षुब्ध’, ही शैली सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात.

बातालिया श्रोत्यांच्या ओळखीची आहे. १५१५ च्या मारिन्यानोच्या लढाईवरील फ्रेंच संगीतकार जानकँच्या गीतापासून तिची परंपरा रुजली, इटालियन संगीतकार फ्रेस्कोबाल्दीच्या १६३७ च्या संग्रहात ती कळफलकावर दिसते आणि व्हायोलिनवादक-संगीतकार बीबरच्या १६७३ च्या ‘बातालिया’त ती कळसाला पोचते. ती रणांगणावरचा आवाज उसना घेते. त्या काळच्या ट्रंपेटला झडपा नव्हत्या आणि त्याच्या खालच्या पट्टीत षड्ज, गंधार, पंचम एवढेच स्वर सापडत. त्यामुळे त्याच्या इशाऱ्यांची नक्कल करणारे संगीतही त्याच तीन स्वरांभोवती घोटाळते.

कोंचितातोची गोष्ट निराळी आहे आणि गोंधळ होतो तो इथेच. १६३८ च्या आठव्या माद्रिगाल (अनेक आवाजांसाठी स्वरबद्ध केलेली कविता) संग्रहाच्या प्रस्तावनेत मोंतेवेर्दी मनाच्या तीन वृत्ती सांगतो, क्रोध, संयम आणि नम्रता, आणि पूर्वसुरींच्या संगीतात क्रोधाला साजेशी क्षुब्ध शैली आपल्याला आढळली नाही अशी तक्रार करतो. त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे एका दीर्घ स्वराचे सोळा तुकडे करून तो एकाच जागी वाजवणे. या द्रुत लयीसाठी तो प्राचीन ग्रीकांच्या युद्धनृत्यांचा दाखला देतो आणि शिवाय त्याचे स्वरमेळही बातालियासारखेच पुष्कळ वेळ जागचे हलत नाहीत, तेव्हा कान फसतो हे मान्य करायला हवे. पण बातालिया कानावर पडलेल्या गोष्टीची नक्कल करते, तर कोंचितातोला नक्कल करण्यासाठी बाहेर काही नसते. तिथे लय मनाच्या खवळण्याची असते. त्याच संग्रहातील इटालियन कवी पेत्रार्काच्या सुनीतावरील ‘ओर के’ल च्येल ए ला तेर्रा’ या माद्रिगालात ना सैन्य आहे ना तोफा. रात्री सारे जग निजलेले असताना जागा राहिलेला एक प्रेमिक ‘माझी अवस्था म्हणजे युद्ध’ असे म्हणतो आणि नेमकी तिथे ही शैली उसळते. ज्याला हे ‘रणसंगीत’ वाटते त्याने शब्द वाचलेले नाहीत, असे मी म्हणेन.

दोन्ही गोष्टी एकत्र ऐकायच्या तर मोंतेवेर्दीचेच ‘कोंबात्तिमेंतो’, तांक्रेदी या योद्ध्याच्या द्वंद्वाची गायिलेली कथा, घ्यावे. तांक्रेदीच्या घोड्याची चाल, आणि गज बाजूला ठेवून दोन बोटांनी तारा ओढण्याची सूचना, हे बातालियाच्या घरचे; संतापाच्या ओळींखाली धडधडणारे षोडशांश स्वर मात्र कोंचितातो. याउलट बीबरच्या लढाईत राग कोणालाच आलेला नाही. तिथे तोफा धडाडतात, पण त्या तारा जोराने ओढून. लढाईच्या त्या भागात बासवाल्यांनी गज वापरू नये अशी बीबरची स्पष्ट सूचना आहे. त्याच रचनेच्या दुसऱ्या भागात आठ गाणी वेगवेगळ्या पट्ट्यांत एकदम वाजतात, आणि तो कल्लोळ लढाईचा समजणारे महाभाग पुष्कळ आहेत. बीबरने स्वतः लिहून ठेवले आहे की दारू प्यायलेले लोक असेच निरनिराळी गाणी ओरडत असतात.

कोणत्या वाद्यासाठी रचना आहे किंवा मेजर स्वरसप्तक आहे का, असले फरक किरकोळ आहेत; त्यावरून निवाडा होत नाही.

एक चीड मात्र सांगितलीच पाहिजे. बीबरच्या रचनेत फक्त तंतुवाद्ये आणि साथीचा हार्पसिकॉर्ड आहे, ढोल नाही. ‘मार्स’ (युद्धदेव) या भागात व्हायोलोने या खालच्या स्वरांच्या मोठ्या तंतुवाद्याच्या तारेखाली कागद सरकवून तो ढोलाचा खरखरीत नाद काढतो, तर काही वाद्यवृंद तिथे खुशाल खरा ढोल आणून बडवतात आणि नकलेतली सारी गंमत घालवून बसतात.