एक्झी फाइल खोलणं सोपं, परत जोडणं महाकठीण

प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, नाहीये, हातात फक्त त्यापासून बनलेली, मशीनला कळणारी एक्झी फाइल आहे आणि तिच्यात बदल करायचाय. डिसअसेंबलर नावाचं टूल चालवलं की बाइट्सचं असेंब्लीत, म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या सूचनांमधे, रूपांतर होऊन समोर येतं, इंटेलच्या प्रोसेसरवर ७४ (हेक्साडेसिमलमधे) हा बाइट म्हणजे उत्तर शून्य आलं तर कोडमधे दुसरीकडे उडी मार, ७५ म्हणजे शून्य नसेल तर मार. तेवढा एक बाइट बदलला की प्रोग्रामचा निर्णयच उलटा होतो, आणि जागा तेवढीच लागते म्हणून बाकी काही हलत नाही.

पण मधेच दहा बाइट नवे घुसवायचे असतील तर? पुढचं सगळं सरकतं, त्यामुळे तिकडे जाणाऱ्या उड्या भलतीकडेच पडतात. उड्या तरी शोधून दुरुस्त करता येतात, खरी गोची आकड्यांची आहे. चार बाइटचा एक आकडा दिसतो, तो कुठल्या फंक्शनचा पत्ता आहे की नुसती संख्या हे बऱ्याच फाइल्समधे कुठेच लिहिलेलं नसतं. पत्ता असून तसाच ठेवला तर बहुतेक वेळा प्रोग्राम क्रॅश होतो, आणि संख्या असून पत्ता समजून बदलली तर हिशोब गुपचूप चुकत राहतो, मला तर हे दुसरं जास्त घातक वाटतं. एक्झी खोलून परत जोडता यावी म्हणून बनलेल्या, २०१५ साली आलेल्या उरोबोरोस आणि नंतरच्या डीडिसॅसम सारख्या टूल्सची सगळी मेहनत हेच ओळखण्यात जाते, आणि तरी शेवटी तो अंदाजच असतो.

म्हणून मायक्रोसॉफ्टने समीकरणं लिहायच्या इक्वेशन एडिटरमधे केलेली दुरुस्ती मला फार भारी वाटते. २००० साली कंपाइल झालेला, म्हणजे सोर्स कोडपासून एक्झी बनवलेला, हा ऑफिसमधला प्रोग्राम फॉन्टचं नाव कॉपी करताना लांबी तपासत नव्हता, त्यामुळे मुद्दाम बनवलेली फाइल उघडली की हल्लेखोराचा कोड चालायचा. नोव्हेंबर २०१७ मधे पॅच म्हणजे दुरुस्ती आली, असे पॅच बनवणाऱ्या झीरोपॅचच्या लोकांनी जुनी नवी फाइल ताडून पाहिली तर फंक्शन्स अगदी त्याच पत्त्यांवर! परत कंपाइल केल्यावर असं सहसा होत नाही, म्हणजे कोणीतरी थेट एक्झीतच हाताने बदल केले होते. लांबी तपासायच्या सूचना बसवायला जागा हवी म्हणून काही ठिकाणी जुनाच कोड कमी बाइट्समधे लिहून काढला होता, काहीही न सरकवता. केवढं कौशल्य लागलं असेल! पण पुढे त्याच प्रोग्राममधे आणखी भोकं सापडली आणि जानेवारी २०१८ च्या अपडेटमधे मायक्रोसॉफ्टने तो ऑफिसमधून काढूनच टाकला.