कोजागरीच्या संध्याकाळी, अगदी डोक्यावर

९ ऑक्टोबर २०२२. रविवार आणि कोजागरी असा योग. पुण्या-मुंबईत सूर्य मावळून अर्धा तास होत आला होता, पूर्वेला चंद्र वर चढत होता आणि घरोघरी दूध आटत होतं. सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी गॅमा किरणांचा एक लोंढा पृथ्वीवर येऊन थडकला. अवकाशातल्या अशा लोंढ्यांना गॅमा किरण स्फोट म्हणतात, आणि माणूस ते नोंदू लागल्यापासून इतका प्रखर स्फोट कधीच नोंदला गेला नव्हता.

मी नंतर सहज गणित मांडून पाहिलं. त्या क्षणी हा स्रोत पृथ्वीवरच्या ज्या ठिकाणाच्या बरोबर माथ्यावर होता, ते ठिकाण मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्रात येतं. म्हणजे आपल्याकडे कुणी गच्चीवर सतरंजी टाकून उताणं पडलं असतं, तर त्याची नजर जवळजवळ त्याच जागेवर खिळली असती. अर्थात दिसलं काहीच नसतं. गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि वातावरण ते वरच्या वर शोषून घेतं. या वेळी मात्र वातावरणालाही ते जड गेलं. आयनांबर हा हवेचा वरचा विद्युतभारित थर ढवळून निघाला आणि भारतातली विजा टिपणारी यंत्रंही चाळवली.

कोजागरीला लक्ष्मी ‘को जागर्ति?’ असं विचारत फिरते म्हणतात. गॅमा किरण स्फोटांच्या बाबतीत जागं असणं हे अर्धंच काम. स्फोट झाल्याचं कळतं, पण कुठे झाला ते कळत नाही, आणि या शास्त्राचा बहुतेक इतिहास या एका ‘कुठे’पायी खर्ची पडला आहे.

सुरुवातच बघा. १९६३च्या अणुचाचणीबंदी करारानंतर कुणी चोरून अणुचाचणी करतंय का, हे पाहायला अमेरिकेने ‘व्हेला’ नावाचे उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांची एक चमक टिपली. ती अणुबॉम्बसारखी नव्हती. एकाच चमकेची वेळ वेगवेगळ्या उपग्रहांवर किती फरकाने नोंदली जाते, यावरून पुढे एवढं ठरवता आलं की हे पृथ्वीवरून येत नाही आणि सूर्यावरूनही नाही. ही बातमी जाहीर व्हायला १९७३ उजाडलं. त्यानंतर जवळजवळ पाव शतक, हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले की विश्वाच्या दुसऱ्या टोकाचे, यावर विद्वान भांडत राहिले. १९९५ साली वॉशिंग्टनमध्ये त्यावर रीतसर वादसभाही झाली. दोन्ही बाजूंकडे युक्तिवाद होते, पण एकाही स्फोटाचा पत्ता नव्हता.

पत्ता इतका अवघड का? गॅमा किरण भिंगाने किंवा आरशाने एका बिंदूत गोळा करता येत नाहीत, सरळ आरपार निघून जातात. मग आडमार्ग काढावे लागतात. ‘फर्मी’ उपग्रहावर कमी ऊर्जेचे गॅमा किरण टिपणाऱ्या बारा चकत्या बारा दिशांना तोंड करून बसवल्या आहेत. शेकोटीजवळ डोळे मिटून बसलं, तर कोणता गाल जास्त तापतो त्यावरून आग कुठे आहे ते सांगता येतं. फर्मी तेच करते. ती पृथ्वीआड नसलेलं सगळं आकाश एकदम पाहते, पण तिने सांगितलेला पत्ता सहसा काही अंश इकडे किंवा तिकडे असतो. त्या वर्तुळात पौर्णिमेचे शेकडो चंद्र मावतील. चिठ्ठीवर नुसतं ‘पाटील, कोल्हापूर’ लिहिण्यासारखंच ते.

‘स्विफ्ट’ या उपग्रहाची युक्ती मला जास्त आवडते. खिडकीच्या जाळीतून ऊन आत आलं की फरशीवर जाळीची सावली पडते, आणि सूर्य सरकतो तशी ती सावलीही सरकते. सावली किती सरकली हे मोजलं तर बाहेर न पाहताही सूर्य कुठे आहे ते सांगता येईल. फक्त जाळीची नक्षी एकसारखी असेल तर घोटाळा होतो, कारण एक घर सरकलेली सावली पहिल्यासारखीच दिसते. म्हणून स्विफ्टवर शिशाच्या सुमारे ५२ हजार चिमुकल्या फरश्या मुद्दाम वेड्यावाकड्या लावल्या आहेत. त्यांची सावली खालच्या ३२,७६८ संवेदकांवर पडते, आणि ती सावली आकाशातल्या एकाच जागेशी जुळते. पत्ता कळला की अख्खा उपग्रह मिनिटा-दीड मिनिटात त्या दिशेला वळतो आणि आपल्या क्ष-किरण दुर्बिणीने घराचा नंबरही लिहून पाठवतो.

हे सगळं नंतरचं. पहिला पत्ता मिळाला तो २८ फेब्रुवारी १९९७ रोजी, ‘बेप्पोसॅक्स’ या इटालियन-डच उपग्रहामुळे. स्फोटानंतर आठ तासांनी त्याने आपली क्ष-किरण दुर्बीण तिकडे वळवली, तर तिथे अजून धग होती. चूल विझली तरी राख ऊबदार राहते, तशी. इंग्रजीत तिला आफ्टरग्लो म्हणतात; मला धग हा शब्द पुरेसा वाटतो. ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीला त्याच जागी मंद होत जाणारा प्रकाशही दिसला. त्याच वर्षी ८ मे रोजी झालेल्या स्फोटाच्या धगीचा वर्णपट, म्हणजे रंगांत फोडलेला प्रकाश, हवाईच्या केक दुर्बिणीने घेतला. प्रकाश जितक्या लांबून येतो, तितक्या वर्णपटातल्या रेषा तांबड्या रंगाकडे सरकतात. इथे त्या इतक्या सरकलेल्या होत्या की हा प्रकाश निघून निदान सात अब्ज वर्षं झाली असली पाहिजेत. आकाशगंगेचा विषय तिथेच मिटला.

मे महिन्यातल्या या स्फोटाची आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्याची धग रेडिओ लहरींतही सापडली, आणि ती लुकलुकत होती. तारे लुकलुकतात आणि ग्रह लुकलुकत नाहीत, हे आपण लहानपणी शिकतो. तारा बिंदूएवढा दिसतो म्हणून मधल्या हवेच्या हालचालीने त्याचा प्रकाश थरथरतो; ग्रहाची चकती मोठी, म्हणून तो स्थिर दिसतो. रेडिओ लहरींच्या बाबतीत हवेचं काम ताऱ्यांमधला विरळ वायू करतो. सुमारे महिन्याभरात या धगीचं लुकलुकणं ओसरलं, म्हणजे एवढ्यात बिंदूची चकती झाली होती. तेवढ्या दिवसांत तेवढं फुगायचं तर वेग प्रकाशाच्या जवळपास हवा. सात अब्ज वर्षांपूर्वीच्या स्फोटाचा वेग नुसत्या लुकलुकण्यावरून मोजला गेला!

आता पुन्हा कोजागरीकडे. फर्मीच्या चकत्यांवर त्या संध्याकाळी इतके किरण पडले की ऐन भरात मोजणीच कोलमडली. स्विफ्टच्या नजरेत ती जागा तेव्हा नव्हती. त्रेपन्न मिनिटांनी ती नजरेत आली आणि स्विफ्टने भराभर वळून पत्ताही कळवला, पण भलत्याच नावाने. शर तारकासमूहात, आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ, क्ष-किरणांत एवढं तेजस्वी काहीतरी दिसतंय म्हटल्यावर आपल्याच शेजारचा एखादा तारा भडकला असावा असं वाटलं, आणि त्याची नोंद ‘स्विफ्ट जे१९१३.१+१९४६’ अशी झाली. तासाभरापूर्वीच्या स्फोटाची नुसती धग इतकी झगझगीत असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. पुढे फर्मीच्या नोंदीशी जागा जुळली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने वर्णपट घेतला आणि अंतर ठरलं : प्रकाश निघून सुमारे १९० कोटी वर्षं झाली होती. आपल्याला हे अंतर अफाट वाटतं, पण स्फोटांच्या हिशेबात हा अगदी गल्लीतला. एवढा प्रखर स्फोट एवढ्या जवळ होणं ही दहा हजार वर्षांतून एकदाची गोष्ट आहे, असा अंदाज निघाला. नाव पडलं जीआरबी २२१००९ए, म्हणजे वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसातला पहिला. लाडाचं नाव ‘बोट’, ‘आजवरचा सर्वांत तेजस्वी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून. मराठीत वाचलं की आकाशाकडे दाखवलेलं बोटच डोळ्यांपुढे येतं.

गंमत म्हणजे त्या रात्रीचा चंद्रच अनेकांच्या आड आला. अतिशय ऊर्जावान गॅमा किरण हवेवर आदळले की क्षणभर निळसर उजेड पडतो. नामिबियातल्या ‘हेस’ दुर्बिणी तो टिपतात, आणि त्यांना काळोख लागतो. पौर्णिमेच्या चांदण्यामुळे त्यांना ५३ तास थांबावं लागलं, आणि तोवर त्या ऊर्जेचं काही उरलं नव्हतं. चीनच्या सिचुआन प्रांतातली ‘लासो’ वेधशाळा मात्र जमिनीवर पसरलेल्या संवेदकांवर पडणारे कण मोजते, तिला चांदणं काय आणि ऊन काय. पहिल्या ३००० सेकंदांत तिने अशा ऊर्जेचे ६४ हजारांहून जास्त किरण मोजले.

आपल्याकडेही या कामाची चांगली घडी बसली आहे. ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावरच्या सीझेडटीआय या उपकरणामागे मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयुका आणि आयआयटी मुंबई या संस्थांची माणसं आहेत. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी ते सुरू झालं आणि त्याच दिवशी त्याने एक स्फोट पकडला. खरं तर ते समोरचा आकाशाचा छोटा तुकडा पाहण्यासाठी बनवलेलं, पण जास्त ऊर्जेच्या किरणांना त्याच्या भिंती अडवू शकत नाहीत. ते बाजूने, मागून, उपग्रहाच्या अंगातून आरपार येतात. दुसऱ्या कुणी याला त्रुटी म्हटलं असतं. इथल्या लोकांनी तिचाच उपयोग केला, आणि २०२२पर्यंत पाचशे स्फोट जमा केले.

त्यातला एक विशेष आहे. ४ जानेवारी २०१७ रोजी दोन कृष्णविवरांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे खुद्द अवकाशात उठलेले तरंग, सापडल्या, आणि त्याच भागात झपाट्याने विझत जाणारा एक ठिपकाही दिसला. कृष्णविवरांच्या टकरीतून प्रकाश? तसं असतं तर पाठ्यपुस्तकं बदलावी लागली असती. सीझेडटीआयच्या नोंदी चाळल्यावर दुसऱ्या दिवशीचा एक गॅमा किरण स्फोट निघाला, आणि ठिपका ज्या गतीने विझत होता त्यावरून मागे मोजत गेल्यावर त्याची सुरुवातही तिथेच आली. टकरीशी काही संबंध नव्हता, दोघांचे पत्ते योगायोगाने एकाच गल्लीतले निघाले. असं खोडून काढण्याचं श्रेय सहसा मथळ्यांत येत नाही.

पुढची धावपळ लडाखमध्ये, हान्लेला, साडेचार हजार मीटरवर चालते. तिथली ७० सेंटिमीटरची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयए या संस्थेने उभी केली आहे, आणि ती माणसाविना चालते. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते, त्यामुळे धगीवर अखंड नजर ठेवायची तर आपल्या रेखांशावर कुणीतरी हवंच. प्रकाशातली धग गेली की रेडिओची पाळी येते. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. त्यांना दिवस-रात्र, ढग किंवा पौर्णिमा यांचा फरक पडत नाही, आणि घाईही नसते. २०१७च्या ऑगस्टमध्ये दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे अतिघट्ट गाभे, एकमेकांवर आदळलेले दिसले, त्याचा गॅमा किरण स्फोट दोनच सेकंदांचा होता. रेडिओ लहरी दिसायला सोळा दिवस लागले, आणि मग त्यांच्यामागे जगभरच्या ज्या दुर्बिणी लागल्या त्यांत खोडदही होतं.

त्या टकरीने सोन्यासारखी जड मूलद्रव्यं कुठे घडतात याचा एक कारखाना दाखवला. दोन सेकंदांहून लांबलेले स्फोट वेगळे. ते बहुतेक वेळा प्रचंड तारा कोसळून कृष्णविवर होताना घडतात, आणि ‘बोट’ त्यातलाच. असे तारेही सोनं घडवत असतील, असा काहींचा कयास होता, आणि तपासायला यापेक्षा मोठा नमुना मिळणार नव्हता. अडचण एवढीच की धगीपुढे बाकी काही दिसेना. सहा महिने थांबावं लागलं. मग जेम्स वेब दुर्बिणीला तिथे ताऱ्याच्या स्फोटाचे अवशेष दिसले. आजवरच्या सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोटामागचा हा सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, तेजाने अगदी चारचौघांसारखा होता. वर्णपटात ऑक्सिजन सापडला, कॅल्शियम सापडलं. सोन्याच्या कुळातल्या जड मूलद्रव्यांचा मागमूस नव्हता.