जुन्या ट्यूनरचा गोडवा आणि ५० मायक्रोसेकंद

सोलापुरात जुने हाय-फाय सेट जपणारा कुणी भेटला की एक वाक्य ठरलेलं असतं: "आत्ताच्या चिपवाल्या रेडिओला तो गोडवा न्हाई." गोडवा खरा आहे, तो कानाचा भास नाही. पण त्याचं मूळ अनेकदा जुन्या सर्किटच्या कसबात नसतं, मापातल्या एका तफावतीत असतं.

एफएममध्ये सगळ्यात जास्त खरखर उंच स्वरांच्या पट्ट्यात येते. म्हणून केंद्रावरून उंच स्वर मुद्दाम वाढवून पाठवतात. रेडिओ ते तितकेच खाली आणतो आणि त्यांच्यासोबत खरखरही दबते. किती वाढवायचं याचं माप भारतात आणि युरोपात ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५. आकडा मोठा तितकी वाढ जास्त, आणि रेडिओतली काटही तितकीच जास्त. आता अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेला १९७०च्या दशकातला ट्यूनर (हाय-फाय सेटमधला रेडिओ पकडणारा भाग) होटगी रोडवरच्या घरात लावला, तर तो उंच स्वर जरुरीपेक्षा जास्त कापणार. १० किलोहर्ट्झला ही जादा काट साधारण ३ डेसिबल भरते. झांजेची धार बोथट होते, खरखरही मागे सरते आणि ऐकणारा म्हणतो, काय मऊ आवाज! काही सेटना हे माप बदलायचा खटका असतो. तो ५०वर आणला की बराचसा मऊपणा तिथंच उतरतो.

जपानी बाजारातला जुना सेट घेणाऱ्याची अडचण वेगळीच. तिकडचा तेव्हाचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आपला ८८ ते १०८. दिसायला देखणा, डायलवर हिरवा उजेड, पण इथं जवळजवळ मुका.

जुने ट्यूनर काही बाबतींत खरोखर सरस ठरतात, विशेषतः स्टिरिओत. केंद्र डाव्या-उजव्या आवाजांची बेरीज नेहमीसारखी पाठवतं, वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या लहरीवर बसवतं आणि ओळखीसाठी १९ किलोहर्ट्झची खूण सोडतं. ही वजाबाकी सोडवताना खरखर मोनोपेक्षा (दोन्ही बाजूंना एकच आवाज) सुमारे २० डेसिबलनं वाढते. सिग्नल जरा कमजोर झाला की आजची चिप गुपचूप मोनोकडे झुकते, वर ट्रेबल म्हणजे उंच स्वरही कमी करते. आवाज स्वच्छ होतो, पण खोलीभर पसरलेलं गाणं मधोमध गोळा होतं. जुना सेट खरखर सोसून स्टिरिओ धरून ठेवतो. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. पण नुसत्या बातम्या ऐकणाऱ्याला चिपच बरी.

अँटेनाचा हिशेबही चुकतोच. मोबाइलला इअरफोनची वायर आणि जुन्या सेटला गच्चीवरचा दीड मीटरचा डायपोल (दोन दांड्यांचा अँटेना), मग तुलना कसली? दोघांना एकच अँटेना द्या, आवाजाची पातळी सारखी करा, मग ऐका. तरीही १५ किलोहर्ट्झच्या वरचं कुणालाच मिळणार नाही, कारण एफएमवर ते पाठवलंच जात नाही. केंद्रानं सगळी गाणी दाबून एकाच जोरात आणली असतील, तर तेही कुठला ट्यूनर सोडवू शकत नाही.

पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी मीडियम वेव्ह तडतडते आणि एफएम शांत राहतं, याचं श्रेय मात्र नव्या-जुन्या दोघांचं. ठिणग्यांचा गोंगाट लहरीची उंची बिघडवतो आणि मीडियम वेव्हचा आवाज त्या उंचीतच असतो. एफएमचा आवाज वारंवारतेच्या बदलात असतो, त्यामुळे उंचीतला तो बिघाड रेडिओ छाटून टाकतो.

सोलापूरचा उन्हाळा मात्र जुन्या सेटना जड जातो. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं (सर्किटमध्ये विजेचा भार साठवणाऱ्या भागाचं) आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की ढोबळमानानं निम्मं होतं. इथं बाहेरच पारा चाळिशीपार असतो, त्यात बंद खोक्यातली उष्णता. चाळीस-पन्नास वर्षांचे कपॅसिटर न बदललेला सेट ऐकून त्या काळच्या आवाजावर मत देऊ नये.