रेडिएशननंतर परत आलेला प्रोस्टेट कॅन्सर: ऑपरेशनचा रस्ता उघडला कसा

सिन्नर, निफाड, दिंडोरीहून नाशिकला दाखवायला येणाऱ्या घरांमध्ये हा प्रश्न असतोच, बाबांना प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या पुरुषांच्या ग्रंथीच्या) कॅन्सरसाठी रेडिएशन देऊन काही वर्षं झाली, पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, त्याचा आकडा परत चढतोय, आता ऑपरेशन होतं का? बरीच वर्षं डॉक्टर सरळ नाही म्हणायचे आणि त्याला कारण होतं.

कॅन्सरसाठी प्रोस्टेट काढून टाकायचं ऑपरेशन तसं जुनंच. 1904 मध्ये ह्यू हॅम्प्टन यंग यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सला केलं, 1982 मध्ये तिथेच पॅट्रिक वॉल्श यांनी नसा वाचवायची पद्धत आणली. पण रेडिएशन झालेल्या पेशंटचं आतलं सगळं कडक झालेलं असतं, प्रोस्टेट आणि गुदाशयाच्या मधला पातळ पडदा एरवी सहज सुटतो तो चिकटून बसतो, सर्जनला थरच सापडत नाही, मग गुदाशयाला भोक पडायची भीती, मूत्राशयाचा जोड आकसायची भीती, आणि नंतर लघवीवर ताबा नाही म्हणून माणूस घराबाहेर पडायलाच घाबरतो. त्यापेक्षा पुरुषी हार्मोन दाबणारं इंजेक्शन, म्हणजे हार्मोनचं इंजेक्शन, बरं वाटायचं. त्याचं मूळ चार्ल्स हगिन्स यांच्या 1941 च्या कामात, त्यासाठी त्यांना 1966 चं नोबेलही मिळालं, पण त्याने आजार दबतो, मुळातून जात नाही.

माझ्या मते पहिला मोठा बदल ऑपरेशनच्या रोबोटने नाही, पीएसएने केला. आधी हाडं दुखायला लागल्यावरच कळायचं. आता रेडिएशननंतरच्या सगळ्यात कमी आकड्यापेक्षा 2 ने वाढला की आजार परतला असं धरतात, म्हणजे 0.4 पर्यंत उतरलेला 2.4 झाला की. तो नेमका कुठे आहे हे मात्र आकडा सांगत नाही, ते दाखवायला पीएसएमए पेट स्कॅन आला, अमेरिकेत त्याला 2020 मध्ये मान्यता मिळाली.

सर्जन ज्याच्या हातांनी ऑपरेशन करतो तो दा विंची रोबोट 2000 चा. डेट्रॉइटमध्ये मणी मेनन या आपल्या भारतीय सर्जननी प्रोस्टेटसाठी तो रुळवला. दहापट मोठं दिसतं, अवजार मनगटासारखं वळतं, त्यामुळे चिकटलेला थर हळूहळू सोडवता येतो, रक्तही कमी जातं. तरी लघवीचा त्रास रेडिएशन न घेता थेट ऑपरेशन होणाऱ्या पेशंटपेक्षा आजही जास्तच, हे आधी नीट समजून घ्या.

आणि हे सगळ्यांसाठी नाहीच, आजार फक्त प्रोस्टेटमध्येच हवा आणि बायॉप्सीत तो पक्का व्हायला हवा. हार्मोन इंजेक्शनने पीएसए खाली येतो आणि मग स्कॅनमध्ये आजार शोधणं अवघड जाऊ शकतं, म्हणून ऑपरेशनचं विचारायचं असेल तर इंजेक्शन सुरू व्हायच्या आधीच विचारा, आणि त्यासाठी मुंबईला दाखवायला जाताना जुन्या रेडिएशनचे डोसचे कागद फाइलमध्ये घेऊन जा.