मोठ्या टेबलावर ‘रेझला मान’ मिळतो?

भारतात २०२५च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, पण परदेशी खेळणारे मराठी मित्र ड्रॉ पोकरबद्दल (पाच पत्ते, त्यांतले हवे ते एकदा बदलता येतात) अजून हेच सांगतात: छोट्या टेबलावर कुणीही काहीही घेऊन कॉल करतं (तेवढीच रक्कम लावून खेळात राहतं), म्हणून मोठ्या रकमेच्या टेबलावर जा, तिथे रेझला (बोली वाढवण्याला) मान मिळतो, म्हणजे समोरचे घाबरून पत्ते टाकतात.

हे साफ उलटं आहे. तुमच्याकडे एक्क्यांची जोडी. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) १०० चिप्स, तुम्ही आणखी १०० लावल्या. समोरच्याकडे चार बदाम; पाचवा मिळाला तर तो जिंकतो. तो कॉल करून एक पत्ता बदलतो. त्याने न पाहिलेले पत्ते ४७, त्यांत बदाम फक्त ९. फुटकळ शक्यता आणि पुढची बोली सोडली, तर अशा प्रत्येक कॉलमागे तो सरासरी सुमारे ४३ चिप्स गमावतो. तुमची जादा कमाई तीच! मोठ्या टेबलावर हाच माणूस मुकाट्याने पत्ते टाकतो, आणि कॉल येतो तो बहुधा वरचढ हातांचाच.