‘शेरीफ’चा ‘शरीफ’शी संबंध नाही

‘शेरीफ’ हे आपल्या ‘शरीफ’चंच इंग्रजी रूप असणार, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पण ते साम्य निव्वळ योगायोगाचं. अरबी ‘शरीफ’ म्हणजे कुलीन, प्रतिष्ठित माणूस. ‘शेरीफ’चं कूळ इंग्लंडच्या मातीतलं आहे.

हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात जिल्ह्याएवढ्या मुलखाला ‘शिर’ म्हणत. यॉर्कशर, डर्बीशर ही कौंटी क्रिकेटमुळे आपल्या कानावरची नावं. त्यांच्या शेपटीला तोच शब्द आहे. ‘येरेवा’ म्हणजे कारभारी. दोन्ही जोडून झाला ‘शिर-येरेवा’, म्हणजे राजाच्या वतीनं मुलूख सांभाळणारा. बोलताना जोर ‘शिर’वर पडे, त्यामुळे आधी मधलं ‘ये’ गळालं, मग शेवटचा स्वर गेला आणि उरला ‘शेरीफ’. आपल्याकडे ‘देवकुल’ झिजून ‘देऊळ’ झालं, तसंच हे. ‘देऊळ’ म्हणताना त्यातलं ‘कुल’ कुणाला ऐकू येतं?

अर्थानं मात्र मला तो देशमुखाच्या जवळचा वाटतो. देश अधिक मुख, शिर अधिक येरेवा. वसुली करायची, बंदोबस्त ठेवायचा, हेच काम. नुसत्या ‘येरेवा’चा पुढे ‘रीव्ह’ झाला, आणि देशमुखासारखंच त्याचंही आडनाव बनलं.

१०६६ मध्ये फ्रान्सकडून नॉर्मन आले आणि इंग्लंडचे राज्यकर्ते झाले. त्यांच्या लॅटिन दप्तरात शेरीफला वेगळं नाव मिळालं, पण लोकांच्या तोंडी जुनंच राहिलं. या काळात त्याची सत्ता फार वाढली. राजाला ठरलेली रक्कम भरायची आणि वरचं स्वतः ठेवायचं, असा तो बहुतेक मक्ताच होता. मक्त्यात रयतेचं काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तक्रारी इतक्या वाढल्या, की ११७० मध्ये राजा दुसऱ्या हेन्रीनं चौकशी लावून बहुतेक शेरीफ बदलले. १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेत, तर चक्क कलम आहे: शेरीफनं स्वतंत्र माणसाचे घोडे वा गाड्या त्याच्या संमतीशिवाय वाहतुकीला नेऊ नयेत. एवढ्या बारीक गोष्टीचं कलम करावं लागलं, यावरून त्रास किती असेल ते कळतं.

पुढे हा शब्द जाईल तिथे वेगळं काम करू लागला. स्कॉटलंडमध्ये शेरीफ न्यायाधीश असतो, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तो मतदारांनी निवडलेला पोलीस अधिकारी. इंग्रजांबरोबर तो मुंबईतही आला. गोव्यातल्या मांद्र्यात जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ मध्ये मुंबईचे शेरीफ होते. तोवर वसुलीचा मागमूसही उरला नव्हता. हा नामवंत नागरिकाला मिळणारा वर्षभराचा मान होता. मराठीनं त्यासाठी शब्द घडवला ‘नगरपाल’: आधी मुलूख, मग त्याला सांभाळणारा, अगदी ‘शिर-येरेवा’सारखाच.