घरातील शुश्रूषा आणि ती करणारे : पार्श्वभूमी

आजारी, अपंग किंवा वृद्ध माणसाची शुश्रूषा घरच्यांनीच करायची, ही रीत इतकी जुनी आहे की ती करणाऱ्याकडे स्वतंत्र व्यक्ती म्हणून पाहण्याची गरज कायद्याला फार काळ वाटलीच नाही. योजनांना रुग्ण दिसे. त्याच्या उशाशी रात्री जागून काढणारे माणूस दिसत नसे. दरम्यान शुश्रूषेचे स्वरूप मात्र पालटत गेले. पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झालेली माणसे वर्षानुवर्षे जगू लागली, रुग्णालये रुग्णांना लवकर घरी पाठवू लागली, आणि त्याच काळात कुटुंबे लहान होऊन स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरी करू लागल्या.

या प्रश्नाला सार्वजनिक वाचा फुटली ती ब्रिटनमध्ये. आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी धर्मोपदेशकाचे काम सोडावे लागलेल्या मेरी वेबस्टर यांच्या पुढाकाराने 1965 मध्ये एक संघटना उभी राहिली; तिच्या नावातच ‘अविवाहित स्त्री आणि तिच्यावर अवलंबून असणारे’ असा उल्लेख होता. लग्न न झालेल्या मुलीने म्हाताऱ्या आईवडिलांचे करावे, हे तेव्हा गृहीतच असे. 1976 मध्ये शुश्रूषा करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला, पण विवाहित स्त्रियांना त्यातून वगळण्यात आले, कारण त्या तशाही घरीच असतात, असा सरकारचा युक्तिवाद होता. आईसाठी नोकरी सोडलेल्या जॅकी ड्रेक यांनी या नियमाला आव्हान दिले आणि 1986 मध्ये युरोपीय न्यायालयाने तो भेदभाव बेकायदा ठरवला. या भत्त्याच्या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग हाच म्हणावा लागेल : ज्यांच्या खांद्यावर मोठा भार होता, त्यांनाच दहा वर्षे दाराबाहेर ठेवले गेले. शुश्रूषा करणाऱ्याच्या स्वतःच्या गरजा तपासून घेण्याचा हक्क तेथे 1995 च्या कायद्याने दिला.

पैसे द्यावेत की सेवा, यावर देशांनी वेगवेगळी उत्तरे काढली. जर्मनीने 1995 पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा लागू केला. त्यात रोख रकमेचा पर्याय आहे आणि पात्र नातेवाइकांच्या निवृत्तिवेतनासाठी वर्गणीही भरली जाते. जपानने 2000 मध्ये विमा आणताना रोख रक्कम जाणीवपूर्वक टाळून सेवांवर भर दिला, कारण हाती पैसे ठेवले की सुनेवरचे ओझे कायम होईल, अशी तेथील स्त्री-संघटनांची भीती होती. ती अनाठायी नव्हती.

नोकरदारांच्या रजेचा प्रश्न याहून संथपणे सुटत आहे. अमेरिकेच्या 1993 च्या कायद्याने वर्षाला 12 आठवड्यांची रजा दिली, पण बिनपगारी. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशाने शुश्रूषेसाठी वर्षाला किमान 5 दिवसांची रजा बंधनकारक केली. त्या दिवसांचे वेतन द्यायचे की नाही, हे मात्र सदस्य देशांवर सोडले.